राजवाड्यातील मसूर

एखाद्या समाजाने स्वतःविषयी काय मत करून घेतले आहे हे जाणण्यासाठी त्याचे इतिहासग्रंथ चाळण्याची किंवा त्याच्या पुढाऱ्यांची भाषणे ऐकण्याची दर वेळी गरज नसते. तो घरी काय जेवतो आणि मोठा पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढे काय वाढतो, या दोन ताटांमधील अंतर मोजावे. पुष्कळसे उत्तर तेथेच मिळते. रोजचे अन्न आत झाकून ठेवावे आणि परक्याचे पदार्थ मांडून प्रतिष्ठा राखावी, असे ज्याला वाटते त्याच्या मनात कोठेतरी न्यूनगंड दडलेला असतो. घरातलेच अन्न अधिक निगुतीने रांधून जो पाहुण्यापुढे निःशंकपणे ठेवतो, त्याला स्वतःची ओळख पटलेली असते. जर्मनीतील मोठमोठ्या हॉटेलांच्या भोजनगृहांत गेल्या पन्नास वर्षांत जे स्थित्यंतर झाले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या भोजनगृहांत जाण्याचा योग आपल्यापैकी फारच थोड्यांना येईल. पण त्यांची कथा आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे.

जर्मन जेवण म्हटले की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांसमोर सॉसेज, आंबवलेला कोबी, उकडलेला बटाटा आणि बिअरचा भलाथोरला पेला एवढेच येते. खुद्द युरोपातही याहून फारसे निराळे मत नव्हते. फ्रान्स शेजारी असल्यामुळे तर जर्मनांच्या स्वयंपाकघराची स्थिती श्रीमंत जाऊबाईच्या घराला लागून संसार करणाऱ्या धाकट्या जावेसारखी झाली होती. आपले ते ओबडधोबड आणि तिचे ते सुंदर, हे तिने स्वतःच मान्य करून टाकलेले!

हे मान्य करण्याची सुरुवात राजवाड्यातून झाली. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक, ज्याला इतिहास 'थोर' म्हणतो, त्याने २४ मार्च १७५६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना एक प्रसिद्ध फर्मान पाठविले. अमेरिकेतून आलेल्या बटाट्याचे गुण शेतकऱ्यांना समजावून सांगा आणि जेथे जेथे जागा मिळेल तेथे तो लावायला लावा, असे ते फर्मान होते. दुष्काळात रयत तगावी, हा त्यातील हेतू. त्या उपकाराची आठवण म्हणून पॉट्सडॅम येथील सांसुसी राजवाड्याच्या आवारात असलेल्या त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. परंतु रयतेला बटाटा लावायला सांगणाऱ्या या राजाचे स्वतःचे ताट मात्र फ्रेंच होते. त्याचा आचारी आन्द्रे नोएल हा फ्रान्सचा. आणि राजाने त्याच्या कौशल्यावर खूष होऊन त्याच्यावर कविता रचली, तीही फ्रेंच भाषेतच. राजाचे ताट एक आणि रयतेचे दुसरे, ही फाळणी तेथे झाली, ती पुढे दोन शतके टिकली.

हॉटेलांचे युग आले तेव्हा राजाच्या ताटाची जागा हॉटेलच्या ताटाने घेतली. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग वेशीजवळ १९०७ साली लोरेन्त्स आडलोन या मद्यव्यापाऱ्याने बांधलेले हॉटेल आडलोन उघडले. त्या वेळी स्वतः कैसर दुसरा विल्हेल्म उपस्थित होता. युरोपातील अशा सर्व हॉटेलांचा नमुना लंडन आणि पॅरिस येथे सेझार रिट्झ हा हॉटेलचालक व ऑग्युस्त एस्कोफिए हा फ्रेंच पाकशास्त्री या जोडीने घालून दिलेला होता. १९१३ साली जर्मनीचे अवाढव्य प्रवासी जहाज 'इम्पेराटोर' पाहण्यासाठी कैसर आला, तेव्हा त्याच्या भोजनाची व्यवस्था पाहायला बोलावले गेले ते एस्कोफिएलाच. जहाज जर्मन, समुद्र जर्मन, सम्राट जर्मन. स्वयंपाक तेवढा फ्रेंच! पुढल्याच वर्षी हे दोन देश एकमेकांच्या जिवावर उठले, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतरच्या दोन महायुद्धांनी जर्मनांच्या साध्या अन्नावर आणखी एक डाग ठेवला, तो भुकेचा. १९१६-१७ चा हिवाळा त्यांच्याकडे सलगमाच्या जातीच्या एका कंदाच्या नावाने ओळखला जातो, कारण बटाट्याचे पीक बुडाल्यावर गुरांसाठी पिकवलेल्या त्या कंदावर माणसांना दिवस काढावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६-४७ च्या हिवाळ्यात पुन्हा तीच गत. ज्या पिढीने कंद, कोबी आणि भरड धान्याची भाकरी नाइलाजाने गिळली, तिला सुबत्ता येताच ते पदार्थ दृष्टीसमोर नकोसे वाटले, यात नवल नाही. १९५० नंतर जर्मनीत पैसा खेळू लागला, तेव्हा घरोघर ज्याचे कौतुक झाले तो पदार्थ होता 'टोस्ट हवाई' : पावाच्या तुकड्यावर हॅम, डब्यातला अननस आणि वितळलेले चीज. क्लेमेन्स विल्मेनरोड या दूरदर्शनवरील पहिल्या जर्मन पाककृतीकाराने तो १९५५ च्या सुमारास लोकप्रिय केला. हा विल्मेनरोड मुळात नट होता, हे सूचक आहे. भुकेची आठवण पुसण्यासाठी लोकांना दूरच्या बेटाचे स्वप्न हवे होते, आणि ते डब्यात मिळत होते.

या पार्श्वभूमीवर १९७१ साली म्यूनिकमध्ये 'टान्ट्रिस' नावाचे भोजनगृह निघाले आणि तेथे एकार्ट विट्सिगमान हा आचारी आला. तो जन्माने ऑस्ट्रियन. फ्रान्समध्ये पॉल बोकूझ आणि हेबर्लिन बंधू यांच्या हाताखाली तयार झालेला. पुढे १९७८ साली त्याने त्याच शहरात 'ओबेर्जीन' हे स्वतःचे भोजनगृह काढले आणि लगेच १९७९ साली मिशेलिन या टायर कंपनीच्या सुप्रसिद्ध मार्गदर्शिकेने त्याला आपले सर्वोच्च तीन तारे दिले. जर्मनीच्या भूमीवर हा मान प्रथमच आला होता. जर्मन वृत्तपत्रे या काळाला 'स्वयंपाकघरातील चमत्कार' म्हणतात, युद्धोत्तर आर्थिक चमत्काराच्या चालीवर.

विट्सिगमानने जर्मनांना काय शिकवले? ताजेपणा, नेमकेपणा आणि शिस्त. पिठाच्या दाट रश्श्याखाली मांस झाकण्याची जुनी सवय त्याने मोडली. भाजी किती वेळ शिजवावी, मासा कोणत्या क्षणी आचेवरून उतरवावा, याचा काटेकोर विचार त्याने स्वयंपाकघरात रुजवला. त्याच्या हाताखालून हाराल्ड व्होलफार्टसारखे अनेक शिष्य बाहेर पडले. परंतु हे सारे शिक्षण फ्रान्सच्या भाषेतले होते. उत्तम लोणी, उत्तम कोंबडी, समुद्रातील मासळी आणि कोवळ्या भाज्या पॅरिसजवळच्या रुंजिस येथील प्रचंड बाजारातून मालमोटारींनी जर्मनीत येऊ लागल्या. स्वतःच्या शिवारात चांगले काही पिकत असेल, अशी शंकाही बऱ्याच जणांना आली नाही. पिकते तेथे विकत नाही, ही आपली म्हण जर्मनांनाही तितकीच लागू होती.

येथे हॉटेलांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. या दर्जाचे भोजनगृह स्वतःच्या पायावर क्वचितच उभे राहते. बसायला तीस-चाळीस पाहुण्यांची सोय. त्यांच्यासाठी चुलीपाशी आणि वाढपात राबणारी माणसे मोजली तर तीही संख्येने त्यांच्या जवळपास. सामग्री महाग आणि नासाडीची भीती कायमची. म्हणून जर्मनीत अशी पुष्कळ भोजनगृहे मोठ्या हॉटेलांच्या आश्रयाने वाढली. खोल्यांच्या भाड्यातून त्यांची तूट निघते आणि त्यांच्या कीर्तीमुळे खोल्या भरतात. याचे सर्वांत नवलाचे उदाहरण म्हणजे 'काळे अरण्य' या डोंगराळ प्रदेशातील बायर्सब्रॉन. सुमारे पंधरा हजार वस्तीचे हे गाव. पण २००७ नंतर तेथील ट्राउबे टोनबाख आणि बाराइस या दोन हॉटेलांतील भोजनगृहांना एकाच वेळी तीन-तीन तारे होते. त्यांपैकी ट्राउबे टोनबाखचे मूळ १७८९ साली लाकूडतोड्यांसाठी निघालेल्या एका साध्या खानावळीत आहे, आणि ते घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करीत आले आहे. व्होलफार्ट याने याच हॉटेलच्या 'श्वार्त्सवाल्डश्टुबे' या दालनात सदतीस वर्षे मुख्य आचारी म्हणून घालवली. ५ जानेवारी २०२० रोजी ते दालन आगीत जळून खाक झाले. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, ते पुन्हा उभे राहिले. चुलीवरची निष्ठा म्हणजे काय, ते या उदाहरणावरून कळावे.

तरीही खरा पालट झाला तो नव्या शतकाच्या आरंभी. कोलोन शहराजवळ बेन्सबेर्ग येथे अठराव्या शतकातील एक भव्य राजवाडा आहे. एका राजपुरुषाने तो शिकारीच्या हौसेने बांधला. पुढे प्रशियाच्या छात्रसैनिकांची शाळा तेथे भरली. नाझींच्या काळात त्यांनी आपल्या पक्षाचे निवडक विद्यार्थी तेथे घडवले. २००० साली या वास्तूचे हॉटेल झाले आणि त्यातील 'व्हेंडोम' या भोजनगृहाची सूत्रे योआखिम विस्लर या स्वाबियन आचाऱ्याकडे आली. नाव फ्रेंचच राहिले. परंतु विस्लरने हळूहळू ताट बदलले. आपल्या बालपणीचे पदार्थ, आपल्या प्रांतातील कंद, धान्ये, आंबवण्या आणि खारवण्या यांकडे त्याने फ्रेंच शिस्तीच्या डोळ्यांनी पाहिले. या वळणाला 'नवी जर्मन पाककला' असे नाव पडले, आणि विस्लर हा तिचा अग्रणी मानला जाऊ लागला. ज्या प्रकारच्या वास्तूत दोन शतके परक्याचे ताट मांडले जात होते, त्याच प्रकारच्या वास्तूत रयतेचे ताट मानाने आले. याचे ऐतिहासिक औचित्य विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण वोल्फ्सबुर्गचे. फोल्क्सवागेन मोटारींच्या कारखान्यासाठी वसवलेले हे शहर. त्याच कारखान्याच्या परिसरात २००० साली उघडलेल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलातील 'आक्वा' या भोजनगृहात झ्वेन एल्व्हरफेल्ड या आचाऱ्याने नाव मिळवले. तो फ्रँकफुर्टजवळच्या हानाउ गावचा. त्या प्रदेशात वसंत ऋतूत घरोघर एक हिरवी चटणी करतात. अजमोद्याच्या जातीची पाने, चिव्हज, आंबट चुक्याच्या जातीचा पाला, हळीव, बोराज, चर्व्हिल आणि पिंपिनेल अशा सात कोवळ्या पाल्यांची ती चटणी दह्यासारख्या मलईत कालवून उकडलेले बटाटे आणि अंडी यांच्याबरोबर खातात. शेतमजुराच्या घरी होणारा पदार्थ तो! एल्व्हरफेल्डने तोच घेतला. मऊ शिजवलेले मांस, बटाटा, अंडे आणि ती सात पाल्यांची चटणी, एवढ्यावर एक पदार्थ बांधला आणि तो त्याची ओळख होऊन बसला. २०१६ साली युरोपीय संघाने या फ्रँकफुर्टच्या हिरव्या चटणीच्या पाल्याला भौगोलिक संरक्षण दिले, म्हणजे तो पाला आता त्याच परिसरातला असला पाहिजे.

अशा भोजनगृहातील एका सायंकाळचे स्वरूप कसे असते? पाहुणा बसतो न बसतो तोच त्याने न मागितलेले दोन-तीन घास लहानशा बशीत येतात. जर्मन भाषेत त्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ 'स्वयंपाकघराचा नमस्कार' असा होतो; आचारी समोर येण्यापूर्वी त्याचा हात पुढे येतो. मग पाव. जर्मनांच्या पावाला दुय्यम समजण्याचे कारण नाही. तेथील पावसंस्थेच्या नोंदवहीत तीन हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि २०१४ साली ही परंपरा देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली गेली. त्यातला पुंपरनिकेल हा राय धान्याच्या भरड्याचा काळा पाव मंद आचेवर किमान सोळा तास भाजावा लागतो; त्याचा काळेपणा आणि गोडवा हे केवळ त्या दीर्घ भाजण्याचे फळ. पूर्वी गरिबाचा समजला गेलेला हा पाव आता राजवाड्यात लोण्याबरोबर स्वतंत्र पदार्थ म्हणून येतो, आणि पाहुणा घाई न करता तो चघळतो.

त्यानंतर एकामागून एक सहा, आठ, कधी त्याहूनही अधिक पदार्थ येतात. प्रत्येक दोन-चार घासांचा. आपल्या पंगतीत सारे पान एकदम वाढले जाते आणि कशाबरोबर काय खायचे हे जेवणारा ठरवतो. येथे तो निर्णय आचाऱ्याचा. गोड्या पाण्यातील ट्राउट किंवा झांडर मासा येतो आणि तो कोणत्या तळ्यातला हे वाढपी सांगतो. आंबटपणासाठी लिंबाऐवजी कधी आंबवलेल्या कोबीचे पाणी, कधी कच्च्या द्राक्षांचा रस, कधी बाल्टिक किनाऱ्यावरच्या काटेरी झुडपाची नारिंगी फळे वापरली जातात. या फळांना तेथे उत्तरेचे लिंबूच म्हणतात. कोबी आणि मीठ एवढ्याच दोन वस्तू. हवा बंद केली की कोबीच्या पानांवरचेच जिवाणू त्यातील साखरेचे आम्ल करतात आणि हिवाळाभर तो टिकतो. आपल्या घरातील लोणच्याच्या बरणीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही विद्या परकी वाटणार नाही. मग अरण्यातील हरणाचे मांस आणि त्याच्यासोबत कंद. शेवटी आलुबुखार, खसखस, ताजे चीज किंवा चेरी आणि चॉकलेट यांचा गोड पदार्थ. सारे मिळून तीन-चार तास. शेजारी मोझेल नदीच्या पाटीदगडी उतारावरच्या द्राक्षांचे मद्य, किंवा अलीकडे मद्य न घेणाऱ्यांसाठी तितक्याच विचाराने जोडलेले फळांचे आणि पाल्यांचे रस. आवाज हलके, ताटे एकाच क्षणी टेबलावर टेकणारी, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर एका गावाचे, एका शेताचे नाव.

या शेवटच्या गोष्टीत सारे मर्म आहे. हॉटेलच्या टेबलावर शेताचे नाव येण्यापूर्वी शेतात काहीतरी उगवलेले असावे लागते. आणि ते पुष्कळदा नाहीसे झालेले असते. स्वाबियातील आल्ब पठाराची कथा या बाबतीत डोळे उघडणारी आहे. चुनखडीचे, दगडाळ, पाणी न धरणारे ते पठार. तेथे शतकानुशतके मसूर पिके आणि मसुराची उसळ व अंड्याच्या पिठाच्या शेवया हे त्या प्रांताचे नित्याचे जेवण होते. मसुराचे रोप नाजूक; त्याला आधार म्हणून जव किंवा ओट यांच्याबरोबर पेरावे लागते आणि मळणीनंतर दाणे वेगळे करण्याचा खटाटोप करावा लागतो. परदेशी मसूर स्वस्तात मिळू लागल्यावर १९५० ते १९६० च्या दशकांत ही शेती संपली. उसळ राहिली, पण तिच्यातला मसूर परका झाला, आणि जुने बियाणे तर समूळ नाहीसे झाले. १९८५ साली लाउटराख गावच्या एका शेतकऱ्याने फ्रान्समधील वाण घेऊन पुन्हा मसूर पेरण्यास आरंभ केला. जुन्या वाणाचा त्याचा शोध मात्र थांबला नव्हता. अखेर २००६ साली ते वाण सापडले, ते रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथील वाव्हिलोव संस्थेच्या बीजभांडारात.

ही संस्था कोणती? १९४१ ते १९४४ या काळात जर्मन सैन्याने लेनिनग्राड शहराला वेढा घातला, लाखो माणसे अन्नान्न करून मेली, तेव्हा याच संस्थेतील काही शास्त्रज्ञ धान्याच्या पोत्यांशेजारी भुकेने मरण पावले. परंतु पुढील पिढ्यांसाठी जपलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. ज्याच्या नावाने ही संस्था ओळखली जाते तो निकोलाय वाव्हिलोव हाही १९४३ साली स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात उपासमारीने मेला. ज्या शहराला जर्मनांनी उपाशी मारले, त्या शहराने जर्मनांचे हरवलेले अन्न त्यांना परत दिले. मूठभर दाण्यांपासून पुन्हा बियाणे वाढवायला वर्षे लागली. आज शंभरावर शेतकरी त्या पठारावर मसूर पेरतात आणि मोठ्या हॉटेलांच्या भोजनपत्रिकेवर त्या मसुराचे पठारासह नाव छापले जाते. चांदीच्या चमच्याने तो मसूर खाणाऱ्या पाहुण्याला हा इतिहास ठाऊक असो वा नसो, त्या घासात तो आहे.

असो. या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. तीन ताऱ्यांच्या भोजनगृहात एका माणसाच्या भोजनाला मद्याखेरीज शेकडो युरो पडतात. ज्या शेतमजुराच्या घरची ती चटणी आणि ती उसळ, त्याला तेथे पाऊल टाकणे परवडणारे नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, हॉटेलांत ग्रामीण जेवणाचा गौरव होत असताना खेड्यांतील जुन्या खानावळी बंद पडत आहेत. बव्हेरियासारख्या प्रांतात कित्येक गावांत आता एकही खानावळ उरलेली नाही. म्हातारा मालक थकतो, मुले शहरात गेलेली असतात, रविवारी राबायला माणूस मिळत नाही, आणि एके दिवशी दारावर पाटी लागते. गावाचा पदार्थ राजवाड्यात आणि गावात मात्र कुलूप, असे झाले तर तो विजय कसला? जे अन्न केवळ तारांकित ताटात शिल्लक राहते, ते हळूहळू संग्रहालयातील वस्तूसारखे होते.

दुसरा धोका सोवळ्याचा. आपल्या मातीचा अभिमान लवकरच परक्याच्या तिरस्कारात बदलू शकतो. बर्लिनमधील एका नामांकित भोजनगृहाने, २०१५ साली उघडलेल्या 'नोबेलहार्ट उंट श्मुत्सिग'ने, आसपासच्या प्रदेशात पिकत नाही म्हणून मिरी, लिंबू आणि चॉकलेट यांना स्वयंपाकघरात मज्जाव केला. प्रयोग म्हणून तो धीट आहे आणि त्यातून आचाऱ्यांच्या कल्पकतेला चालना मिळाली, हे मान्य. परंतु सर्वांनी हे व्रत घ्यावे असे कोणी म्हणू लागला, तर त्याने इतिहासाकडे पाहावे. १५०५ साली पोर्तुगालचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा हिंदुस्थानकडे निघाला, तेव्हा त्याच्या आरमारात वेल्झर, फुगर आदी जर्मन पेढ्यांच्या भांडवलावर सजलेली तीन जहाजे होती, आणि ती आपल्या मलबार किनाऱ्यावरची मिरी न्यायला आली होती. हाम्बुर्गच्या गब्बर व्यापाऱ्यांना लोक 'मिरीची पोती' म्हणत. न्यूरेम्बर्गचा नाताळातील प्रसिद्ध मसाल्याचा केक दालचिनी, लवंग आणि वेलदोड्यांशिवाय होतच नाही. आणि फ्रेडरिकचा तो बटाटा तरी कोठला? पेरूच्या डोंगरातला! घरात आलेला पाहुणा तीन पिढ्या राहिला की तो घरचाच होतो.

हे आपणा गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. आल्मेदानंतर पाचच वर्षांनी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला. त्या सत्तेने आपल्यावर जे लादले त्याचा हिशेब आपण १९६१ साली चुकता केला. पण तिच्या जहाजांतून आलेली मिरची, काजू, अननस आणि बटाटा आपण परत पाठविला नाही. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही आपण ठेवून घेतले. आपल्या सुगरणींनी त्या परक्या मिरचीला तिरफळ आणि नारळाच्या पंक्तीला बसवून घेतले. गुलामगिरी झुगारणे वेगळे आणि ताटातले अन्न झुगारणे वेगळे, हा विवेक त्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय पाळला.

मग उणे कोठे आहे? १९७४ साली आग्वादच्या किल्ल्यापाशी समुद्रकाठचे मोठे हॉटेल उभे राहिले, १९८३ साली राष्ट्रकुल परिषदेचे राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीहून चार्टर विमाने दाबोळीवर उतरू लागली. त्या पाहुण्यांना आपण काय वाढले? किनाऱ्यावरील खाद्यगृहांच्या फलकांवर श्नित्सेल आले, पिझ्झा आला. हॉटेलांत गोव्याचे म्हणून जे मांडले गेले ते बहुधा विंदालू, शाकुती आणि काफ्रेल या दोन-तीन नावांपाशी थांबले. हे पदार्थ आपलेच आहेत आणि उत्तम आहेत. पण खतखते कोठे आहे? मूगगाठी, आंब्याचे सासव, तिरफळे घातलेले बांगड्याचे हुमण, पावसाळ्यातील तायकिळा आणि तेरे, उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबरची सुकी मासळी यांना पाहुण्यापुढे यायला अजून संकोच का वाटतो? फ्रँकफुर्टच्या सात पाल्यांची चटणी मानाच्या टेबलावर जाते आणि आपल्या श्रावणातल्या पालेभाज्या टोपलीतून बाजाराच्या कडेला बसतात, यात दोष भाज्यांचा खचित नाही. अलीकडे काही हॉटेलांनी आणि काही तरुण आचाऱ्यांनी या दिशेने पावले टाकली आहेत. त्यांचे स्वागत केले पाहिजे.

जर्मनांकडून घेण्यासारख्या गोष्टी तीन. पहिली शिस्त. तेथे आचारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाला तीन वर्षे उमेदवारी करावी लागते. काही दिवस शाळेत, उरलेले चुलीपाशी. आपल्या हॉटेल-शिक्षणात फ्रेंच पाकशास्त्राचे पाच मूळ सॉस आरंभीच शिकवतात. ते अवश्य शिकवावेत, पण त्यांच्या शेजारी हुमणाचे वाटण आणि सोलांचे आगळ यांनाही तोच शास्त्रीय मान मिळाला पाहिजे. दुसरी गोष्ट श्रेय देण्याची. काणकोणच्या खोला मिरचीला आणि काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. आता भोजनपत्रिकेवर त्या मिरचीच्या गावाचे आणि मासळीच्या बंदराचे नाव छापायला कोणाची परवानगी लागणार आहे?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कठीण. आल्बचा मसूर प्रथम शेतात परत आला, राजवाड्यात तो नंतर गेला. खाऱ्या पाण्याला दाद न देणारे आपले कोरगूट भात ज्या खाजन जमिनींत पिकते, त्यांचे बांध फुटत आहेत आणि पुष्कळ शेते पडीक आहेत. ते भात पेरणारे हात थांबले, मिठागरे आटली, परसातले तिरफळाचे झाड घराच्या वाढीव भिंतीसाठी तोडले गेले, तर पंचतारांकित हॉटेलातील कितीही निष्णात आचारी आपले ताट पुन्हा मांडू शकणार नाही. जर्मनांना त्यांचे हरवलेले बियाणे परक्या देशातील भुकेल्या माणसांच्या निष्ठेमुळे परत मिळाले. आपले बियाणे अजून आपल्या कणग्यांत आहे. ते तेथे असेपर्यंत खाजनांचे बांध दुरुस्त करणे, हे सरकारचे, कोमुनिदादींचे आणि त्या शेतांच्या धन्यांचे आजचे काम आहे. आणि घरचा पाहुणा असो वा हॉटेलचा, त्याच्यापुढे आपले शीत-हुमण न लाजता वाढणे, हे आपणा सर्वांचे.